तीन ताऱ्यांची मासवडी

मुलांनो, जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाच्या आसपास तीस पराती मांडून ठेवलेल्या आहेत. एकेक परात 45 मीटर रुंद! कितीतरी शाळांचं अख्खं पटांगण तीत मावेल. पण एवढ्या मोठ्या परातींत आजवर कुणी चिमूटभर पीठसुद्धा मळलेलं नाही. त्या आभाळाकडे तोंड करून बसल्या आहेत आणि तिकडून काय वाढलं जातंय याची रात्रंदिवस वाट बघत आहेत.

आज मी तुम्हाला त्या पराती दाखवणार आहे. आणि मग आपण जेवायला जाणार आहोत. हो, जेवायलासुद्धा! कारण या सहलीत मला दोन प्रकारचे तारे भेटले. एक आभाळातले आणि दुसरे ताटातले. ताटातल्या ताऱ्यांची गोष्ट पार बेल्जियम देशापर्यंत जाते आणि फिरून आमच्याच वर्गातल्या एका मुलीपाशी येते. चला तर मग!

आभाळातले तारे

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागायचं. चाकण, राजगुरुनगर, मंचर, कळंब अशी गावं मागे टाकत नारायणगावला यायचं. नारायणगाव म्हटलं की कुणाला तमाशा आठवतो, तर कुणाला टोमॅटोचा बाजार. इथून पूर्वेला खोडदकडे रस्ता जातो. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, कांदा आणि ऊस. ऊस दाट दिसला की आमची मुलं खिडकीतून बाहेर काढलेली डोकी पटकन आत घेतात. जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे!

आम्ही गेलो ते फेब्रुवारीच्या शेवटी. 28 फेब्रुवारी हा आपला राष्ट्रीय विज्ञान दिन. 1928 साली याच दिवशी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशाविषयीचा आपला प्रसिद्ध शोध लावला. त्या दिवसाच्या निमित्ताने खोडदच्या केंद्रात विज्ञान प्रदर्शन भरतं. आमच्या शाळेतली चौथीची बावीस मुलं, एक मिनीबस, बावीस डबे आणि मी, असे आम्ही निघालो.

एका वळणावर पहिली तबकडी दिसली आणि गाडीत एकच गलका झाला.

"बाई, केवढी मोठी डिश! हिच्यावर किती चॅनेल दिसत असतील!"

मुलांनो, या डिशवर एकही चॅनेल दिसत नाही. ही एक दुर्बीण आहे. तिचं नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. तारे आणि आकाशगंगा यांच्याकडून नुसता प्रकाशच येत नाही, रेडिओ लहरीही येतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या पकडण्यासाठी या तबकड्या. आणि तबकडी म्हणजे भरीव पत्रा नाही बरं का! ती तारेच्या जाळीची आहे. लांब लहरींना एवढी जाळी पुरते, वारा जाळीतून निघून जातो, आणि वजन व खर्च दोन्ही वाचतात. डॉ. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभी राहिली आणि 2001 साली ती देशाला अर्पण करण्यात आली. चौदा तबकड्या मध्यभागी जवळजवळ आहेत. उरलेल्या सोळा तीन दिशांना, इंग्रजी वाय अक्षरासारख्या, 25 किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. सगळ्या मिळून एकाच मोठ्या कानासारखं काम करतात.

या कानाने किती लांबचं ऐकलं असेल? 2023 च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जीएमआरटीने एका आकाशगंगेतल्या हायड्रोजन वायूची अगदी क्षीण खूण टिपली. ती खूण तिथून निघाली होती सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी! तेव्हा आपली पृथ्वी जन्मालासुद्धा आली नव्हती.

एवढं बारीक ऐकायचं तर आजूबाजूला शांतता हवी. आवाजाची नव्हे, रेडिओ लहरींची. म्हणून तर मोठ्या शहरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाची ही जागा निवडली. आत जाताना मोबाइल बंद ठेवावे लागतात. ऑस्ट्रेलियात पार्क्स इथे अशीच एक रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात अधूनमधून विचित्र खुणा उमटायच्या. कित्येक वर्षं कोडं सुटेना. शेवटी 2015 साली चोर सापडला. कोण होता माहीत आहे? तिथल्या खाण्याच्या खोलीतला मायक्रोवेव्ह! भुकेली माणसं जेवण गरम व्हायच्या आधीच त्याचं दार घाईने उघडत, आणि दुर्बिणीला वाटे आभाळातून काही आलं!

ही गोष्ट ऐकून मुलं पोट धरधरून हसली. आणि जेवणाचा विषय निघाल्याबरोबर सगळ्यांना एकदम भूक लागली.

टायरवाल्यांचं पुस्तक

गाडीकडे येताना एका मुलाने विचारलं, "बाई, आभाळातले तारे शास्त्रज्ञ मोजतात. मग पंचतारांकित हॉटेलाचे तारे कोण मोजतं?"

प्रश्न फार चांगला होता. हॉटेलाला जे पाच तारे मिळतात ते मुख्यतः खोल्या आणि सोयी बघून मिळतात. पण नुसत्या जेवणासाठी दिले जाणारे वेगळे तारे आहेत. त्यांची गोष्ट मी मुलांना गाडीत सांगितली, ती तुम्हीही ऐका.

फ्रान्स देशात आंद्रे आणि एदुआर मिशलिन हे दोन भाऊ टायरचा कारखाना चालवत होते. 1900 साली तिथे मोटारी अगदी थोड्या होत्या. मोटारीच नाहीत तर टायर कोण घेणार? या भावांनी युक्ती काढली. लोक मोटार काढून लांब लांब फिरले की टायर झिजतील आणि झिजले की नवे विकले जातील! म्हणून त्यांनी एक पुस्तक छापून फुकट वाटलं. मोटार कुठे दुरुस्त होईल, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्काम कुठे करावा, अशी सगळी माहिती त्यात होती. फ्रान्सनंतर त्यांनी ज्या देशाचं पुस्तक काढलं तो देश म्हणजे बेल्जियम. साल होतं 1904.

पुढे या पुस्तकात चांगल्या जेवणाच्या जागा येऊ लागल्या आणि 1926 पासून त्यांच्यापुढे तारा छापायला सुरुवात झाली. काही वर्षांनी एक, दोन आणि तीन तारे असे प्रकार पडले. त्यांचे अर्थ मोठे मजेदार आहेत. एक तारा म्हणजे जेवण फार चांगलं, वाटेत लागलं तर जरूर थांबा. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जा. आणि तीन तारे म्हणजे फक्त तिथे जेवण्यासाठी म्हणून घरातून मुद्दाम निघा! पाहिलंत? टायरवाल्यांनी सगळं रस्त्याच्या हिशेबात मोजलं!

तारे देणारे तपासनीस आपली ओळख सांगत नाहीत. साध्या गिऱ्हाइकासारखे येतात, जेवतात, पैसे देतात आणि जातात. टेबलावरचा कपडा किती पांढरा आहे किंवा छतावर झुंबर आहे की नाही, यासाठी तारा मिळत नाही. ते पाच गोष्टी तपासतात. पहिली, जिन्नस चांगला आहे का? दुसरी, शिजवणाऱ्याच्या हातात कसब आहे का? तिसरी, चवींचा मेळ बसलाय का? चौथी, त्या पदार्थात करणाऱ्याचं स्वतःचं काही आहे का? आणि पाचवी, सर्वांत अवघड, रोज तशीच चव जमते का?

अंड्यांच्या गावातलं हॉटेल

आता जरा बेल्जियमला जाऊन येऊ. नकाशात पाहा, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या मधोमध हा चिमुकला देश आहे. आपल्या पुणे जिल्ह्याच्या जेमतेम दुप्पट! पण एवढ्याशा देशात डच, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषा चालतात. आणि खाण्याची आवड म्हणाल तर विचारूच नका.

तुम्हाला वाटेल, तारे मिळवणारी उंची हॉटेलं राजधानीतच असणार. पण तसं मुळीच नाही. तिथली कितीतरी नावाजलेली हॉटेलं खेड्यात आहेत, शेतांच्या मधोमध. क्राउसहाउटेम नावाचं एक गाव आहे. नारायणगाव जसं टोमॅटोच्या बाजारासाठी, तसं ते गाव अंड्यांच्या बाजारासाठी ओळखलं जातं. त्या गावाबाहेरच्या एका शेतघरात 'हॉफ फान क्लेव्ह' हे हॉटेल आहे. 2005 साली त्याला तिसरा तारा मिळाला. म्हणजे लोक मुद्दाम निघून, आडरस्त्याने, शेतातून वाट काढत तिथे जेवायला जाणार!

ड्रानूटर नावाच्या दुसऱ्या खेड्यात, फ्रान्सच्या सीमेजवळ, 'इन डे वुल्फ' नावाचं हॉटेल होतं. वुल्फ म्हणजे लांडगा. आपल्या जुन्नरला असतं तर त्याचं नाव नक्की 'बिबट्याच्या घरी' ठेवलं असतं! आजूबाजूच्या शेतात, रानात आणि समुद्रात जे मिळेल त्यावरच तिथला स्वयंपाक चाले. जगभरातून माणसं त्या आडगावी जेवायला येत. 2016 च्या शेवटी ते बंद झालं, तरी खाण्याची आवड असलेले लोक अजून त्याची आठवण काढतात.

अशा ठिकाणी जेवायचं म्हणजे आधी कितीतरी दिवस जागा राखून ठेवावी लागते. जेवण तीन-तीन, चार-चार तास चालतं. पण ताट भरून एकदम वाढत नाहीत हं! एका मोठ्या पांढऱ्या बशीत मधोमध एक घास येतो. तो संपला की दुसरी बशी, दुसरा घास. असे दहा-बारा प्रकार. आणि वाढणारा प्रत्येक वेळी सांगतो, ही भाजी कुठल्या शेतातली, हे लोणी कुणाच्या गाईचं.

त्यांचे जिन्नसही ऐकण्यासारखे आहेत. तिथे एक पांढरी भाजी मुद्दाम अंधारात वाढवतात, म्हणजे ती हिरवी होत नाही आणि कोवळी राहते. ओस्टडाउनकेर्के नावाच्या किनाऱ्यावर कोळी थेट घोड्यावर बसून समुद्रात शिरतात. घोडा पोटापर्यंत पाण्यात चालत जाळं ओढतो आणि त्यात बारीक कोळंबी सापडते. या जुन्या रीतीला 2013 साली युनेस्कोने जगाच्या वारशात मान दिला.

"घोड्यावर बसून कोळंबी!" आमची मुलं ओरडली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आपल्याकडं असं काय आहे, की ज्याच्यासाठी लोक वाट वाकडी करतील?"

मी काही बोलले नाही. फक्त ड्रायव्हरकाकांना गाडी डावीकडे घ्यायला सांगितली.

मळ्यातली मासवडी

2018 साली राज्य सरकारने जुन्नर तालुक्याला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री, ओझर बघायला लोक पूर्वीपासून येतच होते. आता शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या शेतांतही वळताना दिसतात. मळ्यात मांडव, मांडवाखाली टेबलं, एका बाजूला चूल, आणि पाटीवर ठळक अक्षरात 'मासवडी-रस्सा, चुलीवरची भाकरी'. गाडीतून उतरलेली मंडळी आधी चुलीचे फोटो काढतात, मग हात धुऊन जेवायला बसतात.

मासवडी! नाव ऐकून फसू नका. हिच्यात मासा औषधालासुद्धा नसतो. हिचा आकार माशासारखा असतो म्हणून ही मासवडी. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागात पाहुणे आले की ती हमखास होते.

आम्ही थांबलो ते असंच मळ्यातलं हॉटेल होतं. पाटीवरचे भाव वाचून मी जरा गप्पच झाले. एका ताटाला जेवढे पैसे पडत होते, तेवढ्यात आमच्या एका मुलाची अख्खी सहल होत होती. मालकांना विचारलं, "आंब्याखाली बसून डबे खाल्ले तर चालेल का?" ते म्हणाले, "बसा की, सावली कुणाच्या बापाची हाय का?" मग मी चार ताटं मासवडी मागवली. एका ताटात सहा वड्या, म्हणजे एकूण चोवीस. बावीस मुलं, ड्रायव्हरकाका आणि मी. हिशेब बरोबर बसला!

"आज आपण तपासनीस," मी म्हणाले. "बेल्जियमसारखं एकाला एकच घास. पाच गोष्टी तपासायच्या आणि तारे द्यायचे."

मुलं मोहरलेल्या आंब्याखाली गोल करून बसली. मी मोजलं तर एकवीसच भरली. एक मुलगी गाडीच्या आडोशाला उभी होती. मी हाक मारली तर म्हणाली, "मला भूक नाय, बाई."

शेजारचा मुलगा पटकन बोलून गेला, "बाई, तिची आई इथंच कामाला असती. भाकऱ्या थापती." दोघं-तिघं हसले. ती मुलगी आणखी मागे सरकली.

मुलांनो, खरं सांगू? वर्षभर ती मुलगी माझ्या वर्गात होती, पण तिची आई कुठे काम करते हे मला माहीत नव्हतं. असायला हवं होतं. आणि मी मात्र सगळ्या वर्गाला घेऊन तिच्या आईच्या हातचं तपासायला आले होते! आता काय बोलावं ते मला सुचेना.

मग पाचांपैकी दुसरी गोष्ट आठवली. हाताचं कसब. ते बघायचं तर हात बघायला हवेत ना? मी मालकांना विचारलं, "मुलांना चूल दाखवू का?" ते म्हणाले, "दाखवा, दाखवा." आणि आमची वरात चुलीकडे निघाली. ती मुलगी सर्वांत मागे.

अडीच तारे

चुलीपाशी तिची आई होती. कपाळावर घाम, हाताला पीठ. एवढी पोरं एकदम बघून ती बावरली. मग मागे उभी असलेली आपली लेक दिसली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत हसली. "बसा बाई. लेकरांनू, लांब उभं ऱ्हावा, चटका बसंल."

आम्ही मासवडी होताना पाहिली. फोडणीत पाणी, मीठ, तिखट घालून त्यात बेसन टाकलं आणि तिने ते जोरात हाटायला घेतलं. एकही गुठळी राहू द्यायची नाही. पीठ असं घट्ट शिजलं, की चमचा उभा राहावा. मग पाटावर ओलं फडकं अंथरलं. त्यावर खसखस, खोबरं, कोथिंबीर भुरभुरवली आणि गरमगरम पिठाचा गोळा टाकून पाण्याच्या हाताने थापायला लागली. तो गोळा इतका गरम, की नुसतं बघून आमची बोटं भाजली! थापून पातळ झाल्यावर मधे सारण घातलं. भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण. मग फडक्याची दोन्ही टोकं उचलून पीठ एकमेकांवर आणलं आणि वरून बोटांनी दाबत नेलं. पाठीवर कणा असलेला लांबलचक मासा तयार! त्याच्या सुरीने वड्या कापल्या. प्रत्येक वडीत सारणाचा त्रिकोण अगदी मधोमध.

आमचे तपासनीस आता सरसावले.

"जिन्नस कुठले?" पहिला प्रश्न.

"हरभरा हितलाच, समोरच्या वावरातला. कांदा बी हितलाच."

आम्ही वळून पाहिलं, तर समोर हरभऱ्याची काढणी चालली होती. बेल्जियममध्ये वाढणारे सांगतात तसंच झालं हे!

"शिकवलं कुणी?"

"सासूबाईंनी. पहिल्या खेपंला सगळी फाटली, सारण बाहेर. दुसऱ्या खेपंला बी फाटली. सासूबाई म्हनल्या, फडकं कोरडं ठेवतीस, म्हनून फाटती."

"मग यात तुमचं स्वतःचं काय?" हा चौथा प्रश्न एका मुलीने अगदी गंभीर चेहरा करून विचारला.

आई जरा विचारात पडली. मग म्हणाली, "रश्श्याच्या वाटणात मी भाजलेलं तीळ जरा जास्त घालती. सासूबाई नव्हत्या घालत."

"आणि रोज अशीच होते?"

"व्हायला पायजे की! पाव्हना एकदाच येतो. काल चांगली झाली हुती, असं त्याला सांगून काय उपेग?"

मुलांनो, पाचवी गोष्ट एवढ्या सोप्या शब्दांत मलासुद्धा सांगता आली नसती.

मग वड्या आणि रस्सा घेऊन आम्ही आंब्याखाली आलो. आई गरम भाकरी घेऊन मागोमाग आली. एकेक वडी, एकेक वाटी रस्सा. रस्सा असा झणझणीत, की ड्रायव्हरकाकांनी सुद्धा पाणी मागितलं. बाहेरून मऊ, आतून खमंग, तिळाची चव शेवटी रेंगाळणारी. काही वेळ कुणीच बोललं नाही. चौथीचा वर्ग गप्प बसणं हाच खरं तर एक तारा!

"आता तारे सांगा," मी म्हणाले.

"तीन! तीन! तीन!" सगळे ओरडले. हसणारे ते दोघं-तिघं सर्वांत मोठ्याने.

ती मुलगी मात्र गप्प होती. तिची वडी अजून ताटलीतच होती.

"तू सांग गं," मी म्हटलं. "तुझा अनुभव सगळ्यांत जास्त."

तिने मान वर केली आणि म्हणाली, "दोन."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आईसुद्धा. "का गं? बिघडलीय का?"

"न्हाई. पन घरी तू आमच्याबरूबर बसून खाती. हितं सगळ्यांचं होईपतूर जेवत न्हाईस. मला म्हाईत हाय."

आई हसली. "गिऱ्हाईक असतंय ना बाळा. आता बी दोन गाड्या आल्यात, बघ."

खरंच फाटकातून दोन मोटारी आत येत होत्या. ती मुलगी उठली. तिने आपली वडी मोडली आणि अर्धी आईपुढे धरली. आईच्या हाताला पीठ होतं, म्हणून तिनेच ती तिच्या तोंडात घातली. आईने उभ्या उभ्याच घास खाल्ला, लेकीच्या डोक्याला मनगटाने हलकेच स्पर्श केला आणि पुन्हा चुलीकडे निघून गेली.

मुलीने उरलेली अर्धी वडी खाल्ली आणि म्हणाली, "अडीच."

"पण त्या पुस्तकात अर्धा तारा नसतो," एका मुलाने आठवण करून दिली.

"आपल्या वहीत ठेवू," ती म्हणाली.

तुमची वही

तर मुलांनो, आमच्या वर्गात आता अशी एक वही आहे. तुम्हीही करा. एक शंभर पानी वही घ्या. तुम्ही कुठे बाहेर जेवलात, जत्रेतली भेळ असो, एसटी स्टँडवरची मिसळ असो नाहीतर लग्नातली पंगत, तिच्यात लिहून ठेवा. पाच गोष्टी तपासा. जिन्नस, कसब, चवींचा मेळ, करणाऱ्याचं स्वतःचं काही, आणि रोजची तीच चव. पाचवीसाठी मात्र तिथे पुन्हा जावं लागेल. त्यासाठी आई-बाबांना कसं पटवायचं ते तुम्ही बघा!

आणि आम्ही यात एक सहावी गोष्ट घातली आहे. ती टायरवाल्यांच्या पुस्तकात नाही. हे कुणी केलं, आणि करणारं माणूस जेवलं का? जमेल तिथे विचारा. घरीसुद्धा विचारा बरं का! कित्येक घरांत ही सहावी गोष्ट तपासली तर तारे धडाधड गळून पडतील.

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. मुलांना हॉटेलात नेलंत, की पदार्थाचं नाव आणि किंमत त्यांना कळतेच. तो कुणी केला हेही त्यांना कळू द्या. चूल बघता आली तर जरूर बघा. ज्या हातांची मुलांना लाज वाटते, त्याच हातांसाठी लोक ऐंशी-ऐंशी किलोमीटर गाडी चालवत येतात, हे मुलांना त्या हातांपाशी उभं राहूनच समजतं. माझ्या वर्गाला ते तिथे समजलं. मलाही तिथेच समजलं.

आम्ही निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. लांब शिवारात एक तबकडी दिसत होती, आभाळाकडे तोंड करून. ती मुलगी आता खिडकीपाशी बसली होती, सर्वांत पुढच्या बाकावर. गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती मागे वळून हळूच म्हणाली,

"बाई, आईला बुधवारी सुट्टी असती. बुधवारी घरी या. मग तिसरा तारा देते का न्हाई बघा."

मी गेले. शाळा सुटल्यावर, एसटीने, आणि पुढे फाट्यापासून दोन किलोमीटर पायी. तिच्या आईने आमच्याबरोबर बसून, मांडी घालून, पोटभर मासवडी खाल्ली. दुसरं काही काम नव्हतं माझं त्या गावात. फक्त तेवढ्यासाठी म्हणून घरातून मुद्दाम निघाले होते.

किती ताऱ्यांचा अर्थ हा, आठवतं ना?